‘महिलांसाठी स्वतंत्र सोय’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : बहीण ३६ वर्षांची, रोज पिते. तीन व्यसनमुक्ती केंद्रं सांगतात, ‘आमच्याकडे महिलांसाठी स्वतंत्र सोय आहे.’ निवड कशी करायची? दोन दिवस घरीच दारू बंद करून, मग नेलं तर चालेल का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही, तसं मुळीच करू नका. रोज पिणाऱ्या व्यक्तीची दारू एकाएकी थांबली की काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, भ्रम सुरू होऊ शकतात. वेळेवर उपचार नाही मिळाले तर यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे दारू सुटते ते पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच जायला हवेत. केंद्रात पूर्णवेळ डॉक्टर नसतील तर आधी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखल करा. ‘ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देता ना?’ हा प्रश्नही विचारा. उत्तर देताना चाचपडले, तर समजायचं ते समजा.

आता निवड. ‘स्वतंत्र सोय’ म्हणजे पुष्कळदा पुरुषांच्याच इमारतीतली मागची खोली असते. म्हणून फीच्या आधी रात्रीचं विचारा. रात्री दहानंतर वॉर्डात नर्स असते, की बाहेर नुसता वॉचमन? दाराची किल्ली कुणाकडे? बाथरूमला जाताना पुरुषांचा जिना ओलांडावा लागतो का? दाखल होताना झडती बाईच घेते का? (बॅग तपासतात याचा राग मानू नका. सॅनिटायझर आणि काही माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं.) समुपदेशक बाई आहे का आणि आठवड्यातून कितीदा एकटीशी बोलते? नवऱ्याची मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार या गोष्टी पुरुषांच्या गटात कुणी उघड करत नाही. त्या आतच राहिल्या, तर व्यसनामागचं दुखणं जसंच्या तसं घरी परत येतं.

स्वतः जाऊन वॉर्ड बघा. ‘नियमात बसत नाही’ म्हणून दाखवला नाही, तर ते केंद्र यादीतून काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालचं नोंदणीपत्र बघायला मागा. फीमध्ये औषधं आणि तपासण्या धरल्यात का, मध्येच सोडून आली तर किती पैसे परत मिळणार, हे लिहून घ्या. पुण्यात येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये ‘निशिगंध’ हा महिलांचा वेगळा विभाग आहे. इतरत्र शोधायचं असेल तर केंद्र सरकारच्या १४४४६ या नंबरवर फोन करा. तो टोल फ्री आहे.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची, एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) घेते. यायला तयार नाही. केंद्रवाले म्हणतात, ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो.’ पोलीस केस होईल याचीही भीती वाटते.

गाडी नको. संमतीशिवाय दाखल करायचं तर वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ ची वाट आहे : मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, मागच्या सात दिवसांत तिला तपासलेलं हवं. तिच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असल्यासारखी ठोस कारणं हवीत. मुदत ३० दिवसांपर्यंत, आणि रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक. साखळी बांधणं, सक्तीनं डोकं भादरणं यांना कायद्यानं मनाई आहे. ‘महिनाभर फोन नाही, भेट नाही’ ही अट घालणाऱ्यांपासून लांब राहा.

एमडीला पर्यायी औषध नाही. बंद केल्यावर काही दिवस खूप झोप, खूप भूक आणि खोल उदासी येते. आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून त्या दिवसांत एकटं सोडू नका. पोलिसांचं म्हणाल, तर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचाच आरोप असलेल्या आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

प्रश्न : वहिनी चार महिन्यांची गरोदर आहे, ब्राउन शुगर (हेरॉइन) ओढते. बाळासाठी आजच बंद करायला लावू का?

इथे माया घात करते. गरोदरपणात एकदम तोडल्यास गर्भपात किंवा अकाली प्रसूतीचा धोका असतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या पर्यायी औषधांवर आणून स्थिर ठेवणं हाच मान्य उपचार. तो मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात घ्या. शेवटच्या महिन्यांत डोस वाढवावा लागू शकतो. व्यसन वाढलं असा त्याचा अर्थ नव्हे. प्रसूतीच्या कळांवर पेंटाझोसिन हे वेदनाशामक द्यायचं नाही, हे केसपेपरवर ठळक लिहून घ्या. ते दिलं तर तिथेच तडफड सुरू होईल. जन्मानंतर बाळ थरथरू, किरकिरू शकतं. त्यामुळे किमान तीन दिवस, शक्यतो जास्त, त्याला रुग्णालयातच ठेवा. तब्येत स्थिर असेल आणि ती दुसरं काही घेत नसेल, तर या औषधांवर असताना अंगावर पाजता येतं. एचआयव्हीमुळे मात्र डॉक्टरांचा सल्ला वेगळा असू शकतो, म्हणून ती तपासणी लवकर करा.

प्रश्न : बाळ दीड वर्षाचं आहे. ‘मूल घरी ठेवून या’ म्हणतात.

तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून एरवी वेगळं करायचं नाही, असं मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं. तिच्या आजारामुळे मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी, सुरक्षिततेसाठी गरज असेल तरच, तोही काही काळापुरता, आणि दर १५ दिवसांनी फेरविचार. दाखल करण्याआधीच ते कलम दाखवा.