सिझेरियनमध्ये बाई शुद्धीवर असते का? आणि मणक्यातल्या इंजेक्शनने पाठ कायमची दुखते का?

हो, बहुतेक वेळा शुद्धीवरच असते. कमरेत मणक्याजवळ एक इंजेक्शन देतात, काही मिनिटांत छातीच्या खालचा भाग बधिर होतो. दुखत नाही, पण पोटात ओढल्यासारखं, दाबल्यासारखं नक्की जाणवतं. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून बायका घाबरतात. थंडी वाजून अंग थरथरतं, तेही नेहमीचंच. बाळ साधारण पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं. टाके घालायलाच जास्त वेळ लागतो. अगदीच घाई असेल किंवा रक्त गोठण्याचा त्रास असेल, तर पूर्ण भूल देतात.

आता पाठीचं. घरोघरी सगळा दोष त्या इंजेक्शनला मिळतो. त्या जागी काही दिवस ठणकतं, पण वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचं कारण ते नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि वाकून बाळाला पाजणं, ही कारणं जास्त खरी. उशी घेऊन, टेकून बसून पाजा. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी मात्र इंजेक्शनमुळे असू शकते. ती डॉक्टरांना लगेच सांगा, उपाय आहे.

दुसऱ्या दिवसापर्यंत उठवून चालवतात. नको वाटलं तरी चाला, पायात गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. ताप, टाक्यातून पू, जास्त रक्तस्राव किंवा एकाच पोटरीला सूज दिसली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दवाखाना गाठा.