जाहिरात घेतली हे सांगितलं तर प्रेक्षक सोडून जातील का?

स्वतःच्या नावावर चॅनल चालवणारी तरुण मुलं-मुली समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात विचारतातच. डिचोली तालुक्यातल्या एका तरुणीचा अनुभव इथे देतो आहोत. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आधी एका दैनिकात उपसंपादक होती. नोकरी सुटल्यावर तिने गोव्यातल्या खाणावळी, जत्रा, आडवाटेची गावं यांवर मराठीतून व्हिडिओ सुरू केले. तिचं नाव झालं ते एका सवयीमुळे: ती बिल कॅमेऱ्यासमोर धरायची. थाळीचे किती, सोलकढीचे वेगळे लागतात का, रविवारी बंद असतं का, सगळं सांगायची. मग दिवाडी बेटावरच्या एका होमस्टेने दोन रात्रींचा मुक्काम फुकट देऊ केला. तिने नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात बिल नव्हतं, आणि ते का नाही हेही तिने सांगितलं नाही.

पहिली प्रतिक्रिया आली ती कोंकणीत: ‘कितें गो ताई, पयशे कितले मेळ्ळे?’ ती तिने काढून टाकली. मग व्हिडिओ पाहून तिथे राहून आलेल्या एका कुटुंबाने तक्रार लिहिली. तीही काढली. दोन दिवसांत दोन्हींचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले. आमच्याकडे आली तेव्हा तिचं जवळजवळ ठरलं होतं: हे चॅनल बंद करायचं आणि नव्या नावाने पुन्हा सुरू करायचं.

आम्ही ठामपणे नको म्हटलं. चेहरा तोच, आवाज तोच. गोव्यासारख्या छोट्या राज्यात नाव बदलून ओळख लपत नाही. शिवाय बिलं दाखवणारे जुने व्हिडिओ हीच तिची खरी कमाई होती आणि ती स्वतःच्या हाताने पुसायला निघाली होती.

आधी चूक नेमकी कुठे झाली ते वेगळं काढलं. फुकट मुक्काम घेणं ही चूक नव्हती. प्रवासावर लिहिणारे-बोलणारे अनेकजण तो घेतात. तो लपवणं ही चूक होती, आणि विचारणाऱ्याला गप्प करणं ही त्याहून मोठी. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. पोहण्याचं तळं तिने फोनच्या ०.५ लेन्सने घेतलं होतं. ही लेन्स जवळची कड ताणते आणि समोरची भिंत लांब ढकलते. प्रत्यक्षात ४ मीटर लांबीचं, कमरेएवढ्या पाण्याचं ते तळं व्हिडिओत चांगलं मोठं दिसत होतं. तक्रार करणारं कुटुंब मुलांना पोहायला शिकवायचं म्हणून गेलं होतं. फेरीबोटीचंही तसंच. नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात हे खरं, पण सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन रांगेत थांबावं लागतं, तो वेळ व्हिडिओत कुठेच नव्हता. तिने एकही वाक्य खोटं बोललेलं नसताना पाहणाऱ्याची फसगत झाली होती. यावर आम्ही बराच वेळ दिला, कारण प्रामाणिक माणसं इथेच सर्वाधिक घसरतात. उपाय साधा आहे: खोली आणि तळं मुख्य लेन्सने घ्यायचं, चौकटीत एक माणूस उभा करायचा आणि लांबी मीटरमध्ये सांगायची.

मग खुलासा. पहिला मसुदा तिने लिहून आणला तो चार मिनिटांचा होता, त्यात तिची मेहनत, आईचं आजारपण, ट्रोल, सगळं होतं. आम्ही एवढंच ठेवायला सांगितलं: ‘या मुक्कामाचे पैसे मी दिले नव्हते. दोन रात्री आणि जेवण मालकांकडून मिळालं. हे मी सांगायला हवं होतं. ज्यांनी विचारलं त्यांच्या प्रतिक्रिया मी काढून टाकल्या, ते चुकलं. तळं ४ मीटरचं आहे, मोठ्यांना पोहण्याजोगं नाही.’ पाऊण मिनिटाच्या आत संपतं. पार्श्वसंगीत नको, रडणं नको, आणि ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर’ हे वाक्य तर नकोच. चूक झाली आहे की नाही याचा निवाडा ते पाहणाऱ्यावर ढकलतं. हाच मजकूर जुन्या व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या ओळीत आणि सर्वात वर पिन केलेल्या प्रतिक्रियेत घातला. यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीची खूण नंतरही लावता येते, तीही लावली. व्हिडिओ मात्र उडवला नाही.

ती खूण पुरेशी नाही, हे इथे सांगायला हवं. ती फक्त सुरुवातीची १० सेकंद दिसते. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खूण किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक-तृतीयांश वेळ, आणि २ मिनिटांच्या पुढे असेल तर ज्या भागात त्या ब्रँडबद्दल बोलता तो पूर्ण भाग दिसली पाहिजे. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद. रोख पैसे नाहीत, नुसती वस्तू किंवा मुक्काम मिळाला, तरी नियम लागू. मराठी व्हिडिओवर सरळ ‘जाहिरात’ लिहावं, हॅशटॅगच्या गर्दीत दडवू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची रीतसर शहानिशा केली होती हे दाखवता आलं तर बचाव मिळतो. म्हणून मालकाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं ईमेलवर घ्यायची, फोनवर नाही. होमस्टे असेल तर पर्यटन खात्याच्या नोंदणीची प्रत पहिल्याच ईमेलमध्ये मागायची.

खुलासा पाहून होमस्टेचे मालक रागावले. व्हिडिओ काढून टाक म्हणाले. लेखी काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे बोलणी लांबली. आता ती एक पानाचा करार करते: मालक तथ्यं तपासू शकेल, मत बदलायला सांगणार नाही, ‘जाहिरात’ ही खूण काढता येणार नाही, निम्मे पैसे चित्रीकरणाआधी, तिचा चेहरा आणि आवाज मालकाला स्वतःच्या पानावर ९० दिवसच वापरता येईल. ही शेवटची अट बहुतेकजण विसरतात आणि वर्षभराने कुणाच्या तरी फलकावर स्वतःला पाहतात. मिळालेल्या वस्तू-मुक्कामाची किंमत वहीत लिहून ठेवावी; एका देणाऱ्याकडून वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेली तर १० टक्के टीडीएस (देतानाच कापला जाणारा आयकर) लागू शकतो.

लोक सोडून गेले का? काही गेले. पण खुलाशाखाली सर्वाधिक विचारणा झाली ती दिवाडीला गाडी न नेता कसं जायचं याची. राग शमला की माहितीची गरज पुन्हा वर येते.

अवघड भाग पैशांचा होता. घर जाहिरातींवरच चालत असेल तर तोंडातून ‘नाही’ निघत नाही, मग तत्त्वं कितीही पक्की असोत. म्हणून जाहिरातीचं उत्पन्न महिन्याच्या निम्म्याच्या खाली ठेवायचं ठरलं. बाकीसाठी तिच्याकडे कसब होतंच: सांस्कृतिक कार्यक्रमांचं निवेदन, माहितीपटांना आवाज देणं, मुद्रितशोधन. चतुर्थी ते शिगमो या काळात निवेदनाला मागणी असते, पावसाळ्यात काम मंदावतं. तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नये, हे आम्ही या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

सध्या तिला पेडण्यातल्या प्लॉटविक्रीसाठी विचारणा आली आहे. रक्कम मोठी आहे. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाची रेरा (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही, म्हणून तिने नोंदणी क्रमांक, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) आणि फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) यांच्या प्रती मागितल्या आहेत. कागद आले की गोवा रेराच्या संकेतस्थळावर क्रमांक जुळवायचा, आणि जुळल्यावरच चित्रीकरणाची तारीख द्यायची.