मुलगी आठ महिन्यांची झाली, अजून रांगत नाही. वॉकर घ्यावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी आधाराशिवाय छान बसते, पण रांगायचं नाव घेत नाही, शेजारचं लेकरू घरभर फिरतंय आणि सासूबाई वॉकर आणा म्हणतायत. मी लातूर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. माझं स्पष्ट मत आहे: वॉकर आणू नका.

वॉकरमध्ये लेकरू झोळीत बसल्यासारखं लटकतं आणि पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं. तोल सांभाळायची गरजच पडत नाही, मग चालणं लवकर येणार कुठून? वर उंबरा, पायरी, गरम वरणाचं पातेलं यांच्यापर्यंत ते क्षणात पोचतं. कॅनडानं तर २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातलीय. सासूबाईंना सांगा, धरून उभी राहायला लागली की आपला लाकडी पांगुळगाडा आणू. त्यात लेकरू स्वतःच्या पायावर उभं असतं. कुणीतरी सोबत हवं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली निरोगी बाळांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले, त्यात दिल्लीचीही बाळं होती. गुडघ्यांवर रांगणं साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांत, एकट्यानं चालणं सव्वाआठ ते साडेसतरा महिन्यांत. काही बाळं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. शेजारच्या लेकराशी तुलना सोडा. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा.

तिला खरी गरज आहे ती जमिनीची. आपल्याकडं लेकरू पाळण्यातून कडेवर आणि कडेवरून मांडीवर जातं, खाली टेकतच नाही. गादी नको, ती दबते. वाकळ अंथरा, मोजे काढा, गुडघे उघडे ठेवा. पालथं घाला आणि स्टीलची वाटी हाताला लागेल न लागेल अशी ठेवा. ती पोटावरच गोल फिरेल, नाहीतर चक्क मागं सरकेल. मागं सरकणंही प्रगतीच आहे, हातांत जोर आल्याची खूण. तेव्हा तुमचे तळवे तिच्या तळपायांना टेकवून ठेवा. ढकलू नका. तीच रेटा देईल आणि पुढं येईल. वाटी मिळाली की भरपूर कौतुक करा. कंटाळून रडली तर उचला, नंतर पुन्हा घाला. दिवसातून थोडं थोडं, पण रोज.

अंगात ताकद हवी तर आता नुसत्या दुधावर भागणार नाही. घट्ट वरण-भात तूप घालून, मऊ खिचडी, चालत असेल तर अंडं द्या. लोहाचं औषध आशाताईंकडं मिळतं, ते चुकवू नका.

पण काही गोष्टींत वाट बघायची नाही. नऊ महिने होऊनही बसत नसेल, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटत असेल, एकच हात-पाय वापरत असेल, जमत होतं ते बंद झालं असेल, किंवा दीड वर्षाची होऊनही चालत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांनाही दाखवता येतं. तपासणी मोफत असते.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, त्यात वयानुसार टप्पे दिलेत. सिस्टरांना मुलगी बसवून, पालथी घालून दाखवा आणि मनात असेल ते सगळं विचारा.