चार चौकटींत एवढे काय असते?

जुन्या अमेरिकी वृत्तपत्रांतील कॉमिक स्ट्रिप, म्हणजे रोजच्या तीन-चार चौकटींच्या चित्रकथा, लोकांना एवढ्या का आवडतात आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. यातला पहिला प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला फार वेगळ्या सुरात विचारला होता, म्हणून लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात मिरजेला आमच्या घरी येणाऱ्या इंग्रजी दैनिकातली ‘पीनट्स’ ही स्ट्रिप मी रोज कापून वडिलांच्या जुन्या रोजमेळाच्या वहीत खळीने चिकटवीत असे. पाठच्या बाजूला शेअर बाजाराचे भाव असत आणि वडिलांना नेमका तेवढाच तुकडा गायब झालेला दिसे. ते रागावत, पण वहीला त्यांनी कधी हात लावला नाही. दादा साहित्याचा प्राध्यापक. सुट्टीत एका दुपारी त्याने सगळी वही चाळली आणि ‘पुन्हा पुन्हा तेच, याला वाङ्मय म्हणत नाहीत’ असा निकाल दिला.

तो निकाल चुकीचा होता, कारण रोज एक याप्रमाणे वाचायची गोष्ट त्याने एका दुपारी संपवली. ‘पीनट्स’मधली लूसी चेंडू धरून बसते, चार्ली ब्राऊन हा मुलगा त्याला लाथ मारायला धावत येतो, ती ऐन वेळी चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो. चार्ल्स शुल्झ यांनी हा प्रसंग 1952 पासून जवळजवळ दर शरदात काढला. वर्षभराने तो मुलगा पुन्हा विश्वास ठेवतो, तेव्हा मधले वर्ष आपणही जगलेलो असतो. 1999 मध्ये आईने जेवायला बोलावल्यामुळे लूसी चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन जाते. पुढे काय झाले ते शुल्झ दाखवीत नाहीत आणि रीरनही बहिणीला सांगत नाही. ही चौकट 47 वर्षांच्या जोरावर उभी आहे. फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलीन ॲली’ या स्ट्रिपमध्ये तर 1921 साली वॉल्ट या पात्राच्या दाराशी कुणी ठेवून गेलेले तान्हे मूल वाचकांच्या बरोबरीने मोठे होत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात दाखल झाले. इतका संथ काळ कोणत्या कादंबरीला पेलतो, हे दादाने सांगावे.

तेव्हा ‘पीनट्स’पासून सुरुवात करावी, आणि संग्रह हाती असला तरी दिवसाला तीन-चारच स्ट्रिप वाचाव्यात. जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ ही स्ट्रिप थोर आहे, पण तिचे मुद्दाम वाकवलेले इंग्रजी नवख्याला अडवते. एक सांगायचे राहिले: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक स्ट्रिपमध्ये, ‘गॅसोलीन ॲली’सुद्धा त्यात आली, कृष्णवर्णीयांची चित्रे अत्यंत अपमानास्पद आहेत, आणि ती पाहून मनस्ताप होतो.