एचओ की एन? आधी हात कुठवर पोचतो ते बघा

दहा बाय बाराची खोली मोकळी झाली आहे, त्यात मॉडेल रेल्वेचा बोरघाट उभा करायचा आहे आणि एचओ घ्यावं की एन (छोट्या गाड्यांची ही दोन मापं), यावर अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना माझीच जुनी खोली डोळ्यांसमोर आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्केलचं गणित तुम्हाला ठाऊक असेलच. एलएचबीचा (हल्लीच्या प्रवासी गाड्यांचा) साधारण २४ मीटरचा डबा एचओत (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) साडेसत्तावीस सेंमी होतो. वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटर, म्हणजे तुमच्या बारा फुटी भिंतीहून लांब. एनमध्ये (१:१६०) तीच तीन मीटर, पण मग स्टेशनच सगळी भिंत खाऊन टाकतं. घाटाचा १:३७ चढ हुबेहूब घेतलात, तर १० सेंमी उंची गाठायलाच ३.७ मीटर रूळ लागतो.

माझी चूक वेगळीच होती. आठ बाय चारचे दोन प्लाय जोडून मी आठ बाय आठचं टेबल कोपऱ्यात दोन भिंतींना चिकटवलं. आतल्या कोपऱ्यात १८ इंच त्रिज्येचं वळण आणि त्याला लागूनच सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा). लांब डबे नेमके तिथेच रुळावरून उतरायचे, आणि हात तर जेमतेम अडीच फूट पोचतो. मग पोटावर आडवं होऊन सरकायचं. एकदा उठताना कोपराखाली प्लास्टरचा अख्खा बोगदा चेपला. दोन महिन्यांचं काम होतं ते. मधे उभं राहण्यापुरतं भोक ठेवलं असतं, तरी टेबल वाचलं असतं. मुलगी दुसरा कंट्रोलर धरून माझी वाट बघत बसायची, पुढे तिने येणंच सोडलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझ्याकडे सहा फूट लांब, एक फूट रुंद फळी आहे. त्यावर मॉडेल रेल्वेवाले अ‍ॅलन राइट यांचा इंगलनुक आराखडा: पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतील अशा तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ). आठ छोट्या वाघिणींतल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या, आणि असे क्रम ६,७२० निघतात. रोज संध्याकाळी अर्धा तास शंटिंग (इंजिनाने डबे मागेपुढे करून जुळवणं) करतो, कंटाळा आलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: लांब गाडी पळताना बघण्यात आनंद असेल तर एन, हाताने गाडी चालवण्यात असेल तर एचओ. एनची इंजिनं हलकी, रूळ जरा मळला की अडतात. पावसाळ्यात तर रूळ सारखे पुसावे लागतात (आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, सँडपेपर अजिबात नको). अर्थात एन मी मित्राकडेच चालवलंय आणि माझी नजर पन्नाशीपुढची आहे, तेवढं धरून चाला.

भिंतीलगत दीड-दोन फुटी फळ्या घ्या, मधे स्वतः उभे राहा. घाट एकाच भिंतीवर करा. आणि खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, ते कळवा. फळी दारापुढून न्यायची की नाही, ते त्यावर ठरेल.