जाळीची भोकं आणि धाब्याचा गारवा: वाचकांचे प्रश्न

जळगावला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. पश्चिमेच्या भिंतीसाठी ग्रासहॉपरमध्ये (आकड्यांवरून आकार घडवणारं सॉफ्टवेअर) विटांची जाळी केली आणि गॅलापॅगोसला (त्यातला चांगला पर्याय शोधणारा सॉल्व्हर) ‘ऊन कमीत कमी’ एवढंच सांगितलं. रात्रभर चालून त्याने सगळी भोकं बुजवली. चुकलं कुठे?

गॅलापॅगोसचं काही चुकलं नाही. ऊन नकोच म्हटलं, तर सगळ्यात चांगली जाळी म्हणजे सलग भिंत! सोबत उजेडाची अट घाला. खोलीत जमिनीपासून ७५ सेंमीवर मोजणीच्या बिंदूंची चौकट टाका आणि दिवसातल्या किती तासांना ३०० लक्स (उजेडाचं एकक) मिळतात ते पाहा. ठरवलेल्या मर्यादेखाली गेलेल्या पर्यायाला गुणांत मोठा दंड लावा. ऊनही वर्षभराचं मोजू नका. मार्च ते जूनचा मध्य, दुपारी एक ते सूर्यास्त एवढंच धरा. जानेवारीतलं ऊन आपल्याकडे कुणाला नको असतं?

प्रत्येक विटेला स्वतंत्र स्लायडर (आकडा कमी-जास्त करायची पट्टी) दिला असेल, तर आधी तो काढा. ४०० विटांचे ४०० स्लायडर अशा सॉल्व्हरला पेलत नाहीत. खालच्या थराचा कोन, वरच्या थराचा कोन आणि फट, एवढ्या तीन आकड्यांवर सगळी भिंत चालवा. सॉल्व्हर पर्याय पिढ्यापिढ्यांनी सुधारत नेतो; ५० पर्यायांच्या ३० पिढ्या म्हणजे १,५०० वेळा गणित. एकाला २० सेकंद लागले तरी सव्वाआठ तास जातात. म्हणून आधी मोजणीचे बिंदू ३० सेंमीवर ढोबळ ठेवून चालवा आणि निवडक दहा पर्याय १० सेंमीवर तपासा. सगळं निदान तीनदा चालवा. दर वेळी उत्तर फारच वेगळं आलं, तर त्यातलं एकही प्रबंधात ‘सर्वोत्तम’ म्हणून छापू नका.

हवामानाची फाइल (वर्षभराच्या तासातासाच्या नोंदी) आपल्या गावाची नसेल, तर अकोल्याची घ्या. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) नकाशावर जवळ दिसतं, पण ते अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, तीनशेहून जास्त मीटर उंचावर आहे. अकोला आपल्यासारखंच तापीच्या खोऱ्यातलं. रेखांशात जेमतेम दीड अंशाचा फरक, म्हणजे सूर्य सहा मिनिटं मागेपुढे. तो सोडून द्या.

धुळ्यात प्रॅक्टिस करतो. अशीच जाळी बांधायची आहे. मिस्त्रीला ३७.४ अंश कसे समजावू?

समजावू नका. स्वित्झर्लंडमधल्या गँटेनबाइन वाइनरीच्या भिंती २००६ मध्ये रोबोने लावल्या, त्याला दशांश चालतात. तुमच्या भिंतीत ०, १०, २० आणि ३० असे चारच कोन ठेवा. प्रत्येकाचा प्लायचा फर्मा कापा, त्याला रंग द्या आणि थराच्या नकाशावर अंशांऐवजी रंगच लिहा.

त्याआधी भट्टीवरच्या वीस विटा मोजा. कागदावरची २३० मिमीची वीट हातात पाच-सात मिमीने कमी-जास्त भरते. मॉडेलमध्ये सरासरी घाला, बाकीचं सांध्यात जिरतं. आमच्या मते सगळ्यात महाग चूक जाळीखालच्या बीमची असते. २३०×११० ची वीट ३० अंश फिरवली की आडवी जागा २१० मिमी घेते. बीम १५० चा असेल, तर कोपरे दोन्हीकडून ३० मिमी बाहेर लोंबतात, आणि हे कळतं तेव्हा स्लॅब पडलेला असतो. वीट खालच्या दोन्ही विटांवर किती टेकते त्याची किमान मर्यादाही स्क्रिप्टमध्येच घाला. सळई किती थरांनी टाकायची ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. मीटरभर नमुना बांधून ओळंबा लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फैजपूरचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर एनर्जीप्लसमध्ये (इमारतीतल्या उष्णतेचं गणित करणारं सॉफ्टवेअर) उतरवलं. भिंती ४५ सेंमी मातीच्या. मॉडेलमध्ये मे महिन्यात घर तापतं, प्रत्यक्षात गार असतं. असं का?

भिंतीचं मटेरियल बहुधा ‘नो मास’ प्रकारात गेलंय. त्यात फक्त उष्णतारोध धरला जातो. माती दिवसभर उष्णता साठवते हे त्या मॉडेलला ठाऊकच नसतं. जाडी, उष्णतावहन, घनता आणि विशिष्ट उष्मा हे चारही आकडे द्या. माळवदाच्या, म्हणजे धाब्याच्या छताच्या, मातीच्या थरालाही तेच. मग खिडक्यांचं वेळापत्रक पाहा: घरातली माणसं दुपारी दारं लावतात आणि रात्री उघडतात, मॉडेलमध्ये मात्र ती चोवीस तास एकसारखी राहिलेली असतील.

एवढं करून आठवडाभर आत-बाहेर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) ठेवा आणि बाहेरचं मोजलेलं तापमान हवामानाच्या फाइलमध्ये भरा, कारण फाइलमधला मे या वर्षीचा नसतो. मॉडेलचा आणि लॉगरचा आलेख एकमेकांवर ठेवून आतलं तापमान किती वाजता शिखरावर जातं ते आधी जुळवा, अंश नंतर.