गुहागरच्या किनाऱ्यावर पहिला पीसी जोडताय? भाग निवडायला सुरुवात एसएमपीएसपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागरजवळ, समुद्र चालत पाच मिनिटांवर. मॉनिटर सोडून ७० हजारांचं बजेट. होमस्टेसाठी ड्रोनच्या आणि मोबाइलच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचंय, रात्री थोडे गेम खेळायचेत. पुण्याच्या मित्राने भागांची यादी करून दिलीय, ती तशीच घ्यावी का?

तशीच घेऊ नका. मित्राने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड चांगलं निवडलंय, पण जवळजवळ सगळे पैसे त्या दोघांत गेलेत. एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा, कॅबिनेटसोबत फुकट येणारा आहे आणि लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर पीसी चालवणाऱ्या यूपीएसचं यादीत नावच नाही. पुण्यात हे कदाचित निभावेल. आपल्याकडे पीसी बंद पडतो तो बहुतेक वेळा विजेमुळे किंवा खाऱ्या हवेमुळे. मी मालवणकडे राहतो, गावातल्या आणि आसपासच्या लोकांचे पीसी जोडून देतो, दुरुस्तही करतो. माझ्यासमोर येणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसर गेलेला क्वचितच दिसतो. गेलेला असतो तो एसएमपीएस, मदरबोर्डचा लॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लावतो ती जागा) किंवा गंजलेला रॅमचा स्लॉट. म्हणून यादी भिंतीतल्या प्लगपासून आत आत करत जायची.

एक पैचाही भाग घेण्याआधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर हे फार गरजेचं. जांभा पाणी धरून ठेवत नाही, मार्च-एप्रिलपर्यंत अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि तारेचा जमिनीशी संबंध नावापुरता उरतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. जास्त निघाला तर खड्डा नीट करून घ्या आणि उन्हाळाभर त्यात पाणी घालत जा. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात एसएमपीएस खराब आहे. तो खराब नसतो. त्याच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडासा करंट बॉडीकडे सोडतात, तो जमिनीत जायला हवा आणि वाट नसल्यामुळे बॉडीवरच राहतो. सर्ज प्रोटेक्टरचंही तसंच. जादा दाब तो अर्थमध्येच सोडणार. अर्थच नसेल तर त्या महागड्या पट्टीचा निम्मा उपयोग गेला.

आता एसएमपीएस. तुमच्या कामाला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरेसा आहे, पण डब्यावरचा मोठा आकडा बघून घेऊ नका. बाजूच्या लेबलवर दोन गोष्टी वाचा. पहिली, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. ५५० वॅटच्या खऱ्या एसएमपीएसवर तिथे ४० ते ४५ अँपिअर दिसतील. कॅबिनेटसोबत येणाऱ्यांवर बाहेर ४५० वॅट छापलेलं असतं आणि १२ व्होल्टला १४-१६ अँपिअर, म्हणजे दोनशे वॅटसुद्धा नाहीत. दुसरी, इनपुटचा रकाना. काहींवर २०० ते २४० व्होल्ट असतं, काहींवर १०० ते २४०. आपण दुसरा घ्यायचा. मे महिन्यात सगळ्या होमस्टेंचे एसी आणि बागांचे पंप एकदम सुरू झाले की लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज बराच खाली येतो. १०० ते २४० वाला ते सहन करतो. ८० प्लसचं चिन्ह असलेला घ्या, पण ते चिन्ह फक्त वीज किती वाया जाते तेवढंच सांगतं, आतल्या संरक्षणाची खात्री देत नाही. त्यामुळे ओव्हरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किटचं संरक्षण आहे का हे वेगळं बघायचं, आणि वॉरंटी किमान पाच वर्षांची.

यूपीएस ७० हजारांतच बसवा. एखादी पायरी कमी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड चालेल, पण यूपीएसशिवाय सुरुवात करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. एडिटिंग करताना तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० च्या आसपास जाऊ शकतात, तेव्हा तो लाइट गेल्याबरोबर धापा टाकेल. १००० किंवा ११०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या. कमी-जास्त व्होल्टेज तो बॅटरीला हात न लावता सांभाळतो, आणि आपल्याकडे रोजचा उपयोग तोच आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आत्ताच मनात धरून ठेवा.

घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, असं बरेच जण विचारतात. वीज तुटल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर पूर्ण लोडला सुमारे १६ मिलीसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरच्या साध्या मोडला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि मागचं बटण यूपीएस मोडवर असेल तर बहुतेक वेळा निभावतं. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर चांगला एसएमपीएस कुरकुर करतो, कधी बंदही पडतो. अशा इन्व्हर्टरवर पीसी लावू नका.

विजांचंही इथेच सांगतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की स्विच बंद करून थांबायचं नाही, प्लग बाहेर काढायचा आणि लॅनची केबलही काढायची. घरात फायबर येत असेल तर फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरवाटे येऊन लॅनच्या तांब्यातून मदरबोर्डपर्यंत पोचू शकते. खांबाखांबावरून तांब्याची लॅन केबल ओढून कनेक्शन दिलेलं असेल तर धोका फारच मोठा. तिथे पीसीला वायफाय वापरा, एवढ्याचसाठी वायफाय असलेला मदरबोर्ड घ्यावा असं माझं मत आहे. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते तुम्हाला आठवत असेलच. अशा वादळानंतर लाइट आली की लोक आनंदाने सगळं चालू करतात, आणि तेव्हाच व्होल्टेज सर्वांत जास्त नाचत असतो. आधी बल्ब आणि पंखे तासभर स्थिर चालू द्या.

खाऱ्या हवेचं गणित लोकांना माहीत नसतं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाचं जे होतं तेच मदरबोर्डवर बसलेल्या खाऱ्या धुळीचं होतं. कोरड्या दिवसांत ती धूळ निरुपद्रवी, पण जून ते सप्टेंबर तिच्यातून वीज वाहू शकते आणि तांब्याला हिरवट गंज चढतो. पीसी चालू असताना आतला भाग बाहेरच्या हवेपेक्षा गरम असल्यामुळे कोरडा राहतो. नुकसान होतं ते बंद मशीनचं. म्हणून पावसाळ्यात पाहुणे नसले, काम नसलं, तरी दिवसातून अर्धा-पाऊण तास पीसी चालवा. आगोटीच्या कामांत एक काम वाढवा: मृगाच्या आधी कॅबिनेट उघडून मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा. एसीच्या खोलीत मशीन असेल तर एसी बंद करून लगेच खिडकी उघडू नका, थंड पडलेल्या पत्र्यावर दमट हवा आली की पाणी धरतं.

यावरून कॅबिनेट कसं घ्यायचं ते ठरतं. समोर जाळी हवी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडते, आणि धूळ फक्त फिल्टरमधून गाळूनच आत येते. सात रंगीत पंख्यांचं कॅबिनेट खाऱ्या हवेत म्हणजे सात पटीने वारा आत ओढणं, ते नको. मागच्या स्लॉटच्या पट्ट्या एकही कमी ठेवू नका. पाली आणि मुंग्या तिथूनच शिरतात, आणि एसएमपीएसमध्ये गेलेली पाल स्वतः तर मरतेच, एसएमपीएसलाही घेऊन जाते. मशीन जमिनीवर ठेवू नका, समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली तर मुळीच नको. घराच्या आतल्या अंगाला, माजघराकडच्या भिंतीला टेबलावर जागा करा.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्रोसेसर. आपल्याकडून सर्व्हिस सेंटर लांब आहे. भाग वॉरंटीला मुंबईला किंवा कोल्हापूरला जातो आणि परत यायला दिवस लागतात. त्या काळात मशीन लंगडत का होईना चालायला हवं. म्हणून अंगभूत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्या. मित्राच्या यादीत इंटेलचा शेवटी एफ अक्षर असलेला आहे. तो थोडा स्वस्त, पण ग्राफिक्स कार्ड गेलं की स्क्रीन काळी. एडिटिंग हे मुख्य काम असेल तर कोअर आय५-१२४००, बिनएफचा. त्याच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक, सॉफ्टवेअरने त्याचा वापर केला तर, ड्रोनचं एच.२६५ पद्धतीने दाबलेलं फुटेज उलगडायला खूप मदत करतं. गेम जास्त आणि तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून वेग वाढवायचा विचार असेल तर रायझन ५ ७६००. त्याच्या एएम५ सॉकेटला (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय, इंटेलचा एलजीए १७०० मात्र १४व्या पिढीवर थांबला. तुमच्या जागी मी १२४०० घेतला असता. सोबत येणारा कूलर पुरतो, आवाज नको असेल तर साधा टॉवर कूलर लावा. पाण्याचा कूलर नको. पंखा बिघडला तर चिपळुणात मिळेल, पंप बिघडला तर मुंबईची वाट बघत बसाल.

ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचं आणि कमी वीज खाणारं बघा. आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं ११५ वॅटचं कार्ड तुमच्या कामाला पुरतं आणि यूपीएसवर भार टाकत नाही.

रॅम १६ जीबीची एक काडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन. वेग जास्त मिळतो आणि एक बिघडली तर दुसरीवर काम चालतं. एडिटिंगला ३२ खरं तर बरी, पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, तेव्हा चार स्लॉटचा मदरबोर्ड घेऊन पुढे वाढवा. १२४०० डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही प्रकारांवर चालतो, पण मदरबोर्ड एकाच प्रकारचा असतो. मदरबोर्ड आणि रॅम एकाच बिलावर घ्या म्हणजे गफलत होणार नाही. एसएसडी एनव्हीएमई, १ टीबी. जुन्या फुटेजसाठी बाहेरची हार्ड डिस्क, आणि ती पीसीला कायम जोडून ठेवायची नाही.

घ्यायचं कुठून? लॅमिंग्टन रोडला भाव चांगले मिळतात, मुंबईला जाणं होणारच असेल तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि कार्ड तिथून आणा. यूपीएस आणि एसएमपीएस मात्र चिपळूण-रत्नागिरीच्या ओळखीच्या दुकानातून, थोडे जास्त देऊन. हेच दोन भाग परत न्यायची वेळ जास्त येते, आणि दुकानदार स्वतः कंपनीकडे पाठवत असेल तर ते जादा पैसे वसूल झाले. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते. वॉरंटीच्या अटींत गंज आणि जळाल्याच्या खुणा बहुधा वगळलेल्या असतात, म्हणूनच वर साफसफाईवर इतकं लिहिलं. जोडलेलं मशीन एसटीने किंवा रेल्वेने आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा आणि कॅबिनेट आडवं करा, मदरबोर्ड खालच्या बाजूला येईल असं.

जोडताना सगळं लगेच कॅबिनेटमध्ये बसवू नका. मदरबोर्डच्या खोक्यावर मदरबोर्ड ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढंच लावा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडा आणि स्क्रीन येते का बघा. आली की मग बाकीचं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, दोन गोष्टी बदलायच्या आहेत. रॅमसाठी एक्सएमपी चालू करा, नाहीतर ती कमी वेगाने चालत राहते. दुसरी सेटिंग वीज परत आल्यावर काय करायचं याची असते, ती ऑफवर ठेवा, म्हणजे रात्री तीनदा लाइट गेली-आली तरी मशीन आपोआप चालू-बंद होत राहणार नाही.